सुतावरून स्वर्ग : चेकॉव्हची ‘स्वीडिश आगकाडी’ वाचताना

प्रश्न : स. न. वि. वि. आमचे दहाबारा जणांचे वाचक मंडळ दर महिन्याला एक गाजलेली जुनी कथा वाचते. या महिन्यात रशियन लेखक अंतोन चेकॉव्ह यांची ‘स्वीडिश आगकाडी’ ही कथा इंग्रजी अनुवादातून वाचली. शेवट कळताच सगळे मनापासून हसले, परंतु त्यानंतर चर्चा पुढे सरकेना. खून झालाच नव्हता हे एकदा कळल्यावर कथेत उरते काय, असे काहींचे म्हणणे पडले. अशा कथेचा अभ्यास कसा करावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मंडळाला पडलेला पेच खरा आहे आणि तो सोडवण्याचा मार्ग एकच आहे : कथा लगेच दुसऱ्यांदा वाचावी. पहिल्या वाचनात आपण तपास करणाऱ्यांच्या मागून चालत असतो. दुसऱ्या वाचनात खरे काय घडले ते आपल्याला ठाऊक असते, आणि मग कथेतील विनोद शेवटच्या पानावर नसून जवळजवळ प्रत्येक जबानीत आहे, हे ध्यानात येते.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ६ ऑक्टोबर १८८५ रोजी सकाळी रशियातील एका तालुक्याच्या फौजदाराकडे प्सेकोव नावाचा कारभारी येतो आणि आपले मालक, घोडदळातील निवृत्त अधिकारी मार्क इवानोविच क्ल्याऊझोव, यांचा खून झाल्याचे सांगतो. खोलीचे दार आतून बंद असते, ते फोडावे लागते, आणि आत मालकही नसतात, प्रेतही नसते. चुबिकोव हा साठीचा अनुभवी तपासाधिकारी आणि द्यूकोव्स्की हा त्याचा सव्विशीतला मदतनीस पंचनामा करतात. चुरगळलेले अंथरूण, दातांचे ठसे उमटलेली उशी, बागेत पडलेला बूट, काटेरी झुडपात अडकलेले निळ्या लोकरीचे धागे, गवतावरचा रक्ताचा डाग आणि खोलीतली एक जळकी आगकाडी एवढ्या सामग्रीवर द्यूकोव्स्की खुनाचा संपूर्ण देखावा उभा करतो. मारेकरी किमान तिघे असले पाहिजेत, त्यांनी आधी गळा दाबला आणि मग बागेत धारदार हत्याराने वार केला, इथपर्यंत त्याची मजल जाते. प्सेकोव आणि नोकर निकोलाश्का कोठडीत जातात. अखेरीस ‘मृत’ क्ल्याऊझोव फौजदाराच्याच परसातल्या न्हाणीघरात घोरत पडलेला सापडतो. फौजदाराची बायको ओल्गा पेत्रोव्ना हिचा त्याच्यावर जीव जडलेला असून तिनेच त्याला तेथे कोंडून ठेवलेले असते, आणि खाण्यापिण्याची उत्तम सोय लावून दिलेली असते.

आता दुसऱ्या वाचनात मंडळातल्या प्रत्येकाने कागदाचे दोन भाग करावेत. एका बाजूला डोळ्यांना दिसलेली वस्तू लिहावी आणि दुसऱ्या बाजूला तपास करणाऱ्यांनी तिच्यावरून काढलेला अर्थ लिहावा. डाव्या बाजूला एकही चूक सापडणार नाही. द्यूकोव्स्कीचे डोळे तीक्ष्ण आहेत, तो मेहनती आहे आणि वस्तू टिपण्यात फसत नाही. झुडपावर निळे धागे दिसताच मालकांनी शेवटी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, असे तो विचारतो, आणि पिवळे, किंतानी हे उत्तर मिळताच मारेकरी निळ्या कपड्यांत होते हे त्याच्या लेखी सिद्ध होते. ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ हा आपला वाक्प्रचार येथे शब्दशः लागू पडतो. धागे खरे आहेत, रंगही खरा आहे, पण त्या धाग्यांना खुनाशी जोडणारी गाठ फक्त द्यूकोव्स्कीच्या मनात आहे. पाहणे आणि अर्थ लावणे या दोन क्रियांमधली ही फट चेकॉव्हने पानोपानी उघडी ठेवली आहे, आणि तिच्यातूनच हसू येते.

या कथेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग निकोलाश्काच्या जबानीचा आहे आणि बहुतेक वाचक त्यावरून झरकन पुढे जातात. गवतावर रक्त कुठून आले, असे विचारल्यावर निकोलाश्का सांगतो की आपण कोंबडी कापत होतो, नेहमीसारखीच कापत होतो, पण ती हातातून निसटली आणि पळत सुटली, त्याचेच ते रक्त. माळी येफ्रेम याला विचारले तर तो सांगतो की निकोलाश्का रोज संध्याकाळी कोंबडी कापतो आणि तेही निरनिराळ्या जागी कापतो, मात्र अर्धवट कापलेली कोंबडी बागेतून धावताना कोणी पाहिलेली नाही, अर्थात असे झालेच नसेल असेही सांगता येत नाही. द्यूकोव्स्की हसतो, कारण इतका बावळट बचाव त्याने ऐकलेला नसतो. वास्तविक रक्ताचा खुलासा तेवढाच आहे. सत्य अधिकाऱ्यांसमोर उभे राहून साध्या भाषेत बोलते, परंतु त्यांना ज्या थाटाचे सत्य हवे असते त्या थाटात ते आलेले नसल्यामुळे त्यांना ते ओळखू येत नाही.

हीच गोष्ट बुटाची. क्ल्याऊझोव बूट काढत असतानाच त्याच्यावर हल्ला झाला, एक बूट उतरला होता, दुसरा अर्धाच निघाला होता आणि ओढून नेताना तो आपोआप गळून पडला, असा द्यूकोव्स्कीचा सिद्धांत आहे. तो ऐकताना आपणही मान डोलावतो. प्रत्यक्षात काय घडले ते क्ल्याऊझोव न्हाणीघरात स्वतःच सांगतो : ओल्गा खिडकीखाली येऊन हाका मारू लागली, तेव्हा नशेत त्याने तिच्या अंगावर बूट भिरकावला, मग ती खिडकीतून आत चढली, तिने दिवा लावला, त्याला बदडले आणि उचलून नेले. एकच बूट दोन कथांत किती सहज बसतो, हे मंडळातील कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवले तर चर्चा आपोआप सुरू होईल.

आणखी एक गोष्ट निसटू देऊ नये. सगळ्या पुराव्यांपैकी आगकाडीचा पुरावा द्यूकोव्स्कीला अगदी अचूक दारापर्यंत नेतो. तो तालुक्यातली दुकाने पालथी घालतो, अशा काड्यांची पेटी कोणी विकत घेतली हे शोधतो आणि ओल्गा पेत्रोव्नाचे नाव मिळवतो. माग बरोबर, घर बरोबर, बाईही बरोबर, फक्त गुन्हा मात्र घडलेलाच नाही. त्यामुळे द्यूकोव्स्कीला निव्वळ मूर्ख ठरवून कथा हातावेगळी करता येत नाही. त्याची बुद्धी चालते, परंतु ती ‘खून झालेला आहे’ या पहिल्या वाक्यावर कधीही शंका घेत नाही. प्सेकोवने धावत येऊन उच्चारलेले ते वाक्य फौजदार, डॉक्टर, तपासाधिकारी असे सगळे जसेच्या तसे स्वीकारतात, आणि पुढची साप साप म्हणून भुई धोपटण्याची सारी धडपड तेथून सुरू होते.

अभ्यासासाठी थोडी पार्श्वभूमीही उपयोगी पडेल. ही कथा ‘स्त्रेकोझा’ म्हणजे ‘चतुर’ (हा उडणारा कीटक) या विनोदी साप्ताहिकाच्या १८८४ सालच्या वार्षिकात आली; कथेतली १८८५ ही तारीख म्हणजे छापल्याच्या पुढची आहे. तेव्हा चेकॉव्ह मॉस्कोत वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि घर चालवण्यासाठी ‘चेखोन्ते’ या टोपणनावाने विनोदी मजकूर लिहीत होता. एमिल गाबोरियो या फ्रेंच लेखकाच्या गुप्तहेरकथांचे वेड त्या काळी रशियातही पसरले होते, आणि द्यूकोव्स्की स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन म्हणतो की सेमिनरीतून म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेतून हाकललेला आणि गाबोरियो वाचलेला माणूस काय करू शकतो ते पाहा. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ सालची आहे. म्हणजे आगकाडी आणि धागा यांवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीची ही थट्टा होम्स जन्माला येण्यापूर्वीची आहे, आणि ती वाचून मग होम्सकडे वळले तर वाचनाला वेगळीच धार येते. जाता जाता एक तपशील : तपासाधिकाऱ्याचे स्वतंत्र पद रशियात १८६० साली निर्माण झाले, आणि चुबिकोव पाव शतक या कामात आहे असे कथा सांगते. १८८५ मधला चुबिकोव म्हणजे या पदाच्या पहिल्या पिढीतला माणूस ठरतो. तालुक्यात सर्वांनी प्रामाणिक आणि कर्तबगार म्हणून नावाजलेला असा माणूसही तरुण मदतनिसाच्या तर्काला आधी हसतो आणि मग हळूहळू त्याच्यामागे ओढला जातो. माझे लक्ष द्यूकोव्स्कीपेक्षा त्याच्याकडे अधिक जाते. संशय थंड डोक्याच्या माणसालाही कसा चढतो, याची पायरीन् पायरी त्याच्या संवादांत आहे.

प्रश्न : आगकाडी तर घरोघरी असते. मग एका जळक्या काडीला इतके महत्त्व का? आणि ती ‘स्वीडिश’च का? (एक विद्यार्थिनी, कल्याण)

उत्तर : त्या काळी काड्या सरसकट एकसारख्या नव्हत्या. सर्वसामान्य रशियन घरांत गंधकाच्या काड्या वापरत, त्या भिंतीवर, टाचेवर, कुठेही ओढल्या तरी पेटत आणि म्हणूनच धोक्याच्याही होत्या. स्वीडनमध्ये गुस्ताव एरिक पाश याने १८४४ साली सुरक्षित काडीचे पेटंट घेतले आणि पुढे यॉनशॉपिंग या गावातल्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. या काडीची खुबी अशी की पेट घेण्यासाठी लागणारे तांबडे फॉस्फरस काडीच्या गुलावर नसून पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असते, त्यामुळे पेटीवर ओढल्याखेरीज ती पेटत नाही. आज आपण वापरतो ती काडेपेटी याच जातीची आहे. खेड्यापाड्यांत ही काडी तेव्हा नवलाईची होती. क्ल्याऊझोव धूम्रपान करत नव्हता आणि घरात गंधकाच्या काड्या वापरत होता, म्हणून ही काडी बाहेरच्या माणसाची, असा द्यूकोव्स्कीचा तर्क आहे आणि तेवढा तर्क निर्दोष आहे. दुकानदाराच्या सांगण्यानुसार ओल्गाला त्या काड्यांचा पेटताना होणारा फुस्स आवाज आवडला, म्हणून तिने त्या घेतल्या. एवढ्या लहानशा हौसेवर अख्खा तपास उभा आहे.

आपण कल्याणच्या आहात म्हणून मुद्दाम सांगतो की या स्वीडिश काडीचे एक टोक आपल्या जवळच आहे. स्वीडनच्या काडेपेटी उद्योगाने १९२३ साली भारतात ‘विमको’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. तिथला विमको नाका त्याच नावाचा आहे.

प्रश्न : दोन निरपराध माणसे कोठडीत जातात आणि आपण हसतो, हे मला खटकते. शाळेत नववीच्या मुलांसमोर ही कथा वाचावी का? (एक शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्याला खटकले याचा अर्थ आपण कथा नीट वाचली आहे. संशय कोणावर जातो ते पाहा : मालकाच्या नोकरावर आणि कारभाऱ्यावर. अकुलिना नावाच्या बाईवर निकोलाश्काचे मन होते, तिला आधी प्सेकोवने आणि मग मालकाने आपल्याकडे ओढले, एवढे कळताच हेतूची जागा भरली जाते. मालकाच्या धर्मनिष्ठ बहिणीवरही संशय जातो, कारण ती जुन्या पंथाची आणि भाऊ बेबंद. माणूस काय करतो यापेक्षा तो कोण आहे यावरून त्याला गुन्हेगार ठरवण्याची ही सवय मुलांना दाखवून देण्यासाठी यासारखा पाठ मिळणे कठीण आहे. आपण हसतो ते कोठडीत गेलेल्यांना नव्हे, तर त्यांना कोठडीत घालणाऱ्यांच्या आत्मविश्वासाला, हे मुलांना सांगावे लागेल, आणि ते त्यांना कळते. चेकॉव्हनेही हा विषय हसण्यावारी सोडून दिला नाही. १८९० साली तो हजारो मैलांचा प्रवास करून साखालिन या बंदिवानांच्या बेटावर गेला, तिथल्या हजारो माणसांची माहिती एकेका कार्डावर स्वतः नोंदवली आणि त्यावर पुस्तक लिहिले.

ओल्गा, क्ल्याऊझोव आणि मद्यपान हा भाग नववीसाठी आपण आपल्या विवेकाने संक्षिप्त करावा, परंतु कोंबडीच्या जबानीतला एकही शब्द गाळू नये. वाचताना न्हाणीघराचे दार उघडण्यापूर्वी पुस्तक मिटावे आणि प्रत्येक मुलाकडून एका चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात : खुनी कोण, आणि त्याचा पुरावा काय. चिठ्ठ्या टेबलावर जमा झाल्या, की मग दार उघडावे.