बेटावरच्या ज्वालामुखीचा इतिहास समुद्रतळाशी का शोधतात?

प्रश्न : नाशिकभोवतीचे डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत आणि ते थर उघड्या डोळ्यांना दिसतात. मग ज्वालामुखी बेटावर असताना त्याचा इतिहास जाणून घेण्यासाठी शास्त्रज्ञ भोवतालच्या समुद्रतळातील गाळ का काढतात? आपल्या देशात असे काम झाले आहे का? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्याकडील बेसॉल्टचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पातळ प्रवाहांनी दूरवर पसरला, म्हणून त्याचे थर एकावर एक टिकून राहिले. कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराटसारख्या बेटावर मात्र ज्वालामुखी स्फोटक असतो. त्यातून राख आणि फुटलेला खडक बाहेर पडतो, उतार तीव्र असतात, पाऊस भरपूर असतो आणि कधी कधी डोंगराची अख्खी बाजूच समुद्रात कोसळते. तेथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकाने प्लिमथ हे राजधानीचे शहर गाडले, तरी बाहेर पडलेल्या पदार्थांचा मोठा भाग अखेर समुद्रातच गेला. जमिनीवरील पुरावा असा वाहून जातो किंवा नव्या थराखाली झाकला जातो. खोल समुद्रात मात्र संथपणे साचणाऱ्या गाळात राखेचे थर क्रमाने जपले जातात. म्हणूनच २०१२ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजावरून मॉन्टसेराट आणि मार्टिनिक या कॅरिबियन बेटांच्या परिसरात समुद्रतळाला छिद्रे घेऊन गाळाचे लांब दंडगोल, म्हणजे कोअर, काढण्यात आले.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, कारण कोअरमधील प्रत्येक काळा थर म्हणजे एक उद्रेक, असे मानता येत नाही. आकाशातून पडून तळाशी बसलेल्या राखेत ताज्या, कडा धारदार असलेल्या ज्वालामुखी काचेचे कण असतात आणि त्यांची रासायनिक घडण बहुधा एकसारखी असते. उलट, उतारावर साठलेली जुनी राख भूकंपाने किंवा वादळाने घसरून गढूळ प्रवाहाबरोबर खोल पाण्यात गेली, तर त्या थरात निरनिराळ्या काळांचे कण आणि उथळ पाण्यातील शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले आढळतात. हा भेद काळजीपूर्वक केला नाही, तर ज्वालामुखी प्रत्यक्षात होता त्यापेक्षा अधिक जागृत ठरेल, आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांसाठी केलेला धोक्याचा अंदाजही चुकेल. त्यात भर म्हणजे वाळूसारखा सैल थर कोअर काढतानाच नळीत ओढला जाऊन फुगू शकतो. त्यामुळे थराची जाडीही तपासूनच स्वीकारावी लागते.

थरांचे वय ठरवण्यासाठी गाळातील फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे उपयोगी पडतात. कार्बन-१४ पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत चालते. त्यापलीकडे कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणाचा, आधार घेतात.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाची लेखी नोंद १७८७ पासून मिळते, तर त्याच्या जवळच्या समुद्रतळातून काढलेल्या कोअरचा अभ्यास करून भारतीय शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये गेल्या सुमारे ७२,००० वर्षांतील त्याच्या मोठ्या राख-उद्रेकांचा माग मांडला.