पहिला मोबाइल: आधी नेटवर्क, मग प्लॅन, फोन सगळ्यात शेवटी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी यंदा अकरावीला, टेंभीपाड्यातून रोज माटुंग्याला कॉलेजला जाणार, तिचा पहिला फोन, बजेट १२ हजार. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतोय की ५जी फोन घ्या, सोबत नवीन सिम आणि वर्षाचा रिचार्ज एकदमच मारून देतो. आणि तोवर सासूबाईंचा बटणांचा फोन तिला दिला तर चालेल का, असंही विचारलंय.

मी भांडुपलाच सतरा वर्षं सिम आणि रिचार्जचं दुकान चालवलं, त्यामुळे तुमची गल्ली आणि तिथला चढ दोन्ही डोळ्यांसमोर आहेत. वर्षाचा रिचार्ज आज अजिबात मारू नका. फोनही या आठवड्यात घेऊ नका. आधी तुमच्या घरात कुठल्या कंपनीचं नेटवर्क येतं ते बघा, मग प्लॅन ठरवा आणि फोन शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. फोन आवडतो, दुकानदार हाताशी असेल ते सिम घालून देतो, आणि मग पोरगी दाराबाहेर उभी राहून फोनवर बोलते.

टेंभीपाडा, हनुमान टेकडी, खिंडीपाडा या सगळ्या भागात नेटवर्क घराघराला बदलतं. टॉवर टेकडीच्या एका बाजूला असेल तर दुसऱ्या उतारावर सावली पडते. त्यात घरावर पत्रा असेल तर तो सिग्नल अडवतो. म्हणून शेजारणीचं ऐकून सिम घेऊ नका. तिच्या घराचं तोंड दुसरीकडे असेल तर तिचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि फुकट आहे. नात्यातले, ओळखीचे असे तीन जण शोधा, ज्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेत. त्यांना रात्री नऊ-साडेनऊला चहाला बोलवा. वेळ रात्रीचीच हवी, कारण तेव्हा सगळी वस्ती व्हिडिओ बघत असते आणि टॉवरवर खरा भार असतो. दुपारी तीनला सगळ्यांचंच नेटवर्क छान वाटतं. मुलगी जिथे बसून अभ्यास करणार त्या कोपऱ्यात प्रत्येक फोन ठेवा. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ असा उणे आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. ४जीवर उणे ९५ च्या आत असेल तर निर्धास्त राहा. उणे ११० च्या पलीकडे गेला तर बोलणं तुटणार, ओटीपी उशिरा येणार. वरच्या दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. मग दार लावून पाच मिनिटं कॉल करा आणि एक व्हिडिओ चालवून बघा.

हेच कॉलेजच्या वर्गात करता आलं तर उत्तम, नाहीतर किमान लोकलमध्ये करा. भांडुप ते माटुंगा स्लो गाडीने जाताना कुठल्या स्टेशनांच्या मध्ये कॉल तुटतो ते एका फेरीत कळतं. आणि एक गोष्ट मुंबईकर हमखास विसरतात, ती म्हणजे गाव. तुम्ही गणपतीला कोकणात जात असाल तर तिथे वाडीत कुणाची रेंज येते ते काकांना फोन करून विचारून घ्या. मुंबई आणि बाकीचा महाराष्ट्र ही दूरसंचारची दोन वेगळी सर्कल, म्हणजे सेवेचे विभाग, आहेत. रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत, पण मुंबईत जोरात असलेली कंपनी गावी तशी असेलच असं नाही. घरात दोन कंपन्या बरोबरीच्या निघाल्या तर गावाच्या बाजूने निर्णय घ्या.

एवढा घोळ सिम घेण्याआधीच का घालायचा? कारण नंतर तीन महिने हात बांधलेले असतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं, तर आधीच्या कंपनीत किमान ९० दिवस व्हावे लागतात. त्यानंतर १९०० या नंबरवर इंग्रजीत पोर्ट हा शब्द आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस पाठवला की कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीकडे तो दिला की काम होतं. पण जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस तिथेच बुडतात. वर्षाचा रिचार्ज मारून चौथ्या महिन्यात पोर्ट केलंत तर आठ महिन्यांचे पैसे गेले.

वर्षाच्या रिचार्जबद्दल मी इतकं कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. २००६ च्या आसपास ‘लाइफटाइम’ची टूम निघाली होती. ९९९ रुपये भरा, इनकमिंग आयुष्यभर चालू. माझ्याच दुकानातून कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी ते घेतलं, कारण महिन्याची कटकट नको होती. २०१८ च्या अखेरीस दर महिन्याला किमान रिचार्जची अट आली आणि तीच माणसं माझ्याकडे येऊन विचारू लागली की आमचं आयुष्यभर कुठे गेलं. त्याआधी २०१४ मध्ये मुंबईपुरती असलेली एक जुनी कंपनी बंद झाली, तेव्हाही लोक पोर्ट करायला रांगेत उभे होते. मोबाइलमध्ये लांबचा करार ग्राहकाच्या बाजूने क्वचितच टिकतो. म्हणून पहिला रिचार्ज २८ दिवसांचा. पटलं तर पुढचा ८४ दिवसांचा. त्याहून पुढे जायची घाई करू नका.

२८ दिवसांचा हिशोब मात्र नीट करा. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे १३ रिचार्ज लागतात. ३०० रुपयांचा प्लॅन असेल तर वर्षाचे ३,६०० नाही, ३,९०० होतात. ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था. तिने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं. हे प्लॅन जाहिरातीत वर नसतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये खाली शोधावे लागतात.

आता डेटा. रोजचे दीड जीबी अकरावीच्या मुलीला पुरतात. ४८०पीवर, म्हणजे मध्यम दर्जाच्या चित्रावर, लेक्चर बघितलं तर तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी जातो. रोजचा कोटा रात्री बारा वाजता संपतो, उरलेला बहुतेक प्लॅनमध्ये दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्यामुळे ‘मोठा घेऊन ठेवू’ याला अर्थ नाही. दुकानदार ‘५जी अनलिमिटेड’ म्हणत असेल तर एवढंच विचारा: कुठल्या प्लॅनवर? जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेल या दोघांनी अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. दीड जीबीचा रिचार्ज मारून ५जी फोन हातात असला तरी कोटा दीडचाच. शिवाय आपल्याकडचं बरंचसं ५जी ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. त्या लहरी भिंतीतून कमी शिरतात. गल्लीच्या तोंडाशी ५जीची खूण दिसते आणि घरात ४जी, हा अनुभव तुम्हाला टेकडीवर येणारच.

सासूबाईंच्या फोनचं. तो जुना २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण त्या कंपनीकडे २जी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल. पण तो फोन त्यांच्याकडेच राहू द्या. म्हाताऱ्या माणसाला हाताला बसलेली बटणं काढून घेतली की ती हळूहळू फोन करणंच सोडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला प्लॅन घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने असे प्लॅन ठेवणं सक्तीचं केलं आणि जानेवारी २०२५ पासून ते ८४ दिवसांचे आणि वर्षभराचेही मिळू लागले. दुकानदार आपणहून सांगत नाही, तुम्ही नाव घेऊन मागा.

सिम घेताना जे जपायचं त्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मुलगी अठराच्या आत आहे, तिच्या नावावर सिम मिळत नाही. ते तुमच्या नावावर घ्या. मामेभाऊ, शेजारी, दुकानदाराचा पोरगा, कुणाच्याही नावावर घेऊ नका, ‘लगेच चालू करून देतो’ म्हणाले तरी. कॉलेजचा फॉर्म, शिष्यवृत्ती, बँक, सगळ्याचे ओटीपी याच नंबरवर येणार आहेत. नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर उद्या सिम हरवल्यावर डुप्लिकेट काढायला त्याच माणसाच्या पाया पडावं लागतं. ती अठराची झाली की तिच्या नावावर करून घ्या.

माझ्या ओळखीच्या एक मावशी रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या एका मुलाकडून सिम घेऊन आल्या. ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ असं म्हणून त्याने तीनदा मशीनवर अंगठा घेतला. काही महिन्यांनी कळलं की त्यांच्या नावावर आणखी दोन नंबर चालू आहेत. त्या रडत दुकानात आल्या होत्या, पोलीस येतील या भीतीने. तुम्ही सिम घेतल्यावर आठवडाभराने सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. एका माणसाला ९ पर्यंत मुभा आहे, त्यामुळे नकळत वाढलेला नंबर आपोआप कुणी पकडत नाही. अनोळखी दिसला तर तिथेच ‘माझा नंबर नाही’ म्हणून कळवता येतं.

राहिला फोन. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, आणि थोडक्यात सांगतो. बारा हजारांत ५जी फोन मिळतो, आणि चार वर्षं वापरायचा तर ५जीच घ्या. पण ५जीपायी रॅम, म्हणजे फोनची चालू कामाची मेमरी, कमी करू नका. ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज बघा. डब्यावर ‘८ जीबी’ लिहून खाली बारीक अक्षरांत ४+४ असेल तर खरी रॅम ४च आहे, उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर जाऊ नका. त्यापेक्षा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा, आणि सर्व्हिस सेंटर मुलुंड-घाटकोपरच्या टप्प्यात आहे का ते बघा. पावसात भांडुप स्टेशनवरून घरी चालत येणाऱ्या मुलीच्या फोनला निदान शिंतोड्यांपासून बचाव हवा, म्हणजे आयपी५४ किंवा आयपी६४. तरी दप्तरात एक झिपची प्लास्टिक पिशवी असू द्या. ओला फोन चार्जिंगला लावू नको हे तिला आत्ताच सांगा.

बिल पक्कंच घ्या. पैसे देण्याआधी *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा. जुना फोन घ्यायचा विचार आलाच तर इंग्रजी कॅपिटलमध्ये केवायएम, जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन असेल तर कळतं. त्या आयएमईआयचा फोटो तुमच्या फोनमध्येही ठेवा.

आणि लोकल. मुलीला सांगा, दारात उभं राहून फोन बाहेर काढायचा नाही. रुळांच्या कडेला उभं राहून काठीने हातावर फटका मारतात आणि फोन खाली पडला की उचलून पळतात. त्या फटक्याने तोल जाऊन माणसं गाडीखाली गेली आहेत. फोन गेला तर जाऊ दे, मागे उडी मारायची नाही, हे तिला शब्दाशब्दाने बजावा. घरी आल्यावर रेल्वे पोलिसांत तक्रार, मग डुप्लिकेट सिम, मग संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून परीक्षेच्या किंवा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ओटीपी येत नाही असं झालं तर घाबरू नका, तुमचा नंबर पर्यायी म्हणून आधीच देऊन ठेवा.

बुधवार-गुरुवारच्या रात्री ती तीन फोनांची चाचणी करा. अभ्यासाच्या कोपऱ्यातले तीनही आकडे, कंपनीच्या नावासह, इथे लिहा. गाव कुठलं तेही लिहा. मग पहिल्या २८ दिवसांसाठी नेमका कुठला रिचार्ज मारायचा ते मी सांगतो.