‘पाथ’ : पथ, मार्ग की पत्ता?

चोपड्याच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. अकरावीच्या मुलांसाठी त्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या टिपा मराठीत काढताहेत आणि ‘फाइल पाथ’पाशी (फाइल कोणकोणत्या फोल्डरांत आहे ते सांगणारी ओळ) अडल्यात. सहकारी ‘मार्ग’ सुचवतात, कुणी ‘पथ’, मुलं तर सरळ ‘पाथ’ म्हणून मोकळी होतात. टिपांत काय लिहावं?

‘पथ’ आधी बाजूला काढतो. पथनाट्य, पथदिवे, पदपथ असा समासात तो ठणठणीत आहे, पण सुटा बोलण्यात कोणी वापरत नाही. मुलं परीक्षेपुरता पाठ करतील नि विसरतील.

उरले मार्ग आणि पत्ता. इथं नामापेक्षा क्रियापदांकडे बघावं. मुलं म्हणतात: पाथ दे, पाथ टाक, पाथ बदललाय, पाथ चुकलाय. आता मार्ग, म्हणजे बोलीतली वाट घ्या. वाट धरतात, तुडवतात, वाटेला लागतात. आणि चुकतो तो माणूस, ‘मी वाट चुकलो’. ‘मी पाथ चुकलो’ असं कोणी म्हणताना ऐकलंय का? चुकतो तो पाथच, पाकिटावरचा पत्ता चुकावा तसा. म्हणजे बोलणाऱ्यांनी निवाडा केव्हाच दिलाय. माझं मत पत्त्याला. (निंदणीला बाया धरतात ती ‘पात’ वेगळी. ती स्त्रीलिंगी, आणि तिला ‘धरणे’च लागतं.)

फक्त क्रम उलटा आहे, एवढं मुलांना फळ्यावर दाखवा. टपालाचा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: मु. पो. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव. फाइलचा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे: जळगाव/रावेर/सावदा/केळीभाव. ऑनलाइन सातबारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडतो, तीच रीत.

मधली तिरपी रेघ (स्लॅश) विंडोजमध्ये उलटी पडते, त्याचं कारण जुनं आहे. विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि सरळ स्लॅश आज्ञांचे पर्याय लिहायला वापरून झाला होता. 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलटा घ्यावा लागला. पायथनच्या साध्या अवतरणात उलट्या स्लॅशपुढे ‘एन’ आला तर तिथं नवी ओळ सुरू होते, म्हणून मुलांना सरळ स्लॅशच शिकवा. विंडोजवर पायथनला तोही चालतो.

‘अ‍ॅब्सोल्यूट पाथ’ला ‘पूर्ण पत्ता’ छान बसतो, तो अगदी वरपासून सुरू होतो. ‘रिलेटिव्ह’ला, म्हणजे आपण आहोत तिथून मोजलेल्या पत्त्याला, ‘सापेक्ष’ बरोबर असलं तरी जड आहे. मी ‘इथून पत्ता’ म्हणेन. अहिराणी बोलणाऱ्या पोराला तर पत्त्यातला एक ठिपका म्हणजे ‘आठे’ (इथे) एवढं सांगितलं तरी पुरे, दोन ठिपके म्हणजे एक पायरी वर. पण खरी मेख ‘आठे’ म्हणजे कुठे, यातच आहे. प्रोग्राम जिथून चालवला तो फोल्डर म्हणजे ‘आठे’. प्रोग्रामची फाइल जिथं ठेवलीय तो नव्हे. ‘फाइल कोठे शे?’ म्हणून लॅबमध्ये जो गलका होतो, त्यातला बराचसा यामुळेच.

पत्त्याला दोन अडचणी आहेत. सी ही भाषा शिकवताना मेमरीतल्या जागेलाही पत्ताच म्हणतात, तेव्हा टिपांत ‘फाइलचा पत्ता’ असं जोडीनं लिहा. आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांतला ‘पाथ’ नावाचा संगणकाच्या सेटिंगमधला जो व्हेरिएबल असतो, तो पत्ता नव्हेच. प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे, त्या जागांची ती यादी. तिथं मूळ शब्दच ठेवा.

नावाचं म्हणाल तर पायथनच्या पाथलिब या फाइल-पत्ते हाताळणाऱ्या भागानं आपलं काम सोपं केलंय. फाइलच्या नावाचे टिंबाआधीचा आणि टिंबापासूनचा असे दोन भाग तिथं ‘स्टेम’ आणि ‘सफिक्स’, म्हणजे थेट व्याकरणातले शब्द. ‘सफिक्स’ला ‘प्रत्यय’ बिनधास्त लिहा, मुलं शाळेत विभक्ती शिकलेली असतात. मात्र नावात दोन टिंबं असली तर पाथलिब शेवटचाच तुकडा प्रत्यय धरतो, आणि टिंबासकट.

जाता जाता एक खास मराठी खोच. फाइलला ‘शेतकऱ्यांची यादी’ असं नाव दिलंत, तर त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कोडच्या लेखी ती दोन वेगळी नावं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) ती एक करत नाही. म्हणून यादीतलं नाव पुन्हा टंकून जुळवू नका, फोल्डरमधूनच वाचून घ्या. लांबीचंही बघा: लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेत फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रे धरून जेमतेम 85 चिन्हं.