शहराच्या विकास आराखड्यात टेकड्या बांधकामाविना का राखून ठेवतात आणि जमीनमालकांचे काय होते?

पुण्याचे उदाहरण घेऊ. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर 'जैवविविधता उद्यान' अर्थात बीडीपीचे आरक्षण आहे. टेकडीच्या उतारावरचे गवत, झुडपे आणि भेगाळलेला बेसॉल्ट पावसाचे पाणी अडवून सावकाश मुरवतात. तोच उतार फोडून वर काँक्रीट ओतले, की पाणी मातीसकट थेट ओढ्यात उतरते. सप्टेंबर २०१९ मध्ये कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा काठच्या वसाहतींच्या सीमाभिंती कोसळल्या. ओढ्याच्या पात्रातील अतिक्रमणेही त्याला तितकीच जबाबदार होती, हे खरे.

खरी अडचण मोबदल्याची आहे. बीडीपीखालील जमिनीसाठी शासनाने क्षेत्राच्या ८ टक्के टीडीआर, म्हणजे अन्यत्र वापरता येणारा किंवा विकता येणारा बांधकामहक्क, देऊ केला; मालकांना तो तुटपुंजा वाटला. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही, तर आरक्षण आपोआप रद्द होते. त्यामुळे नकाशावर हिरवा रंग भरण्यापूर्वी मोबदल्याची तजवीज झाली पाहिजे, असे माझे मत आहे.