पावणेसहा फुटांचा लाइनबॅकर

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरी असतो. तेथील फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर एका खेळाडूचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी उभे राहून काढलेला फोटो त्याने पाठवला आणि ‘मामा, हा लाइनबॅकर तुमच्या कोपरारक्षकाएवढाच होता’ असे सोबत लिहिले. मी अमळनेरला मुलांना कबड्डी शिकवतो. गेल्या हिवाळ्यात एका निवड चाचणीत माझ्याकडचा सर्वांत हुशार डावा कोपरारक्षक भिंतीवरच्या खडूच्या खुणेला पोहोचला नाही म्हणून परत पाठवला गेला; त्याची एक पकडदेखील कोणी पाहिली नाही. हा पुतळा कोणाचा, लाइनबॅकर म्हणजे नेमके काय, आणि त्या मुलाला हे उदाहरण सांगावे का?
– एक कबड्डी मार्गदर्शक, अमळनेर

उत्तर : आपल्या भाच्याने पाहिलेला पुतळा सॅम मिल्स यांचा असणार. उंची ५ फूट ९ इंच, म्हणजे बरोबर पावणेसहा फूट.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू पायाने क्वचितच मारला जातो. तो हातात घेऊन पळायचा असतो किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा असतो, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक, पुढे सरकले तरच चेंडू आपल्याकडे राहतो. बचावाच्या अकरा खेळाडूंपैकी पहिली फळी प्रतिस्पर्ध्याच्या अगदी समोर वाकलेली असते. तिच्या मागे दोन-चार पावलांवर, गुडघे किंचित वाकवून जे तिघे किंवा चौघे उभे असतात, ते लाइनबॅकर. पळणाऱ्याला पाडणे, चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडणे आणि फेकलेला चेंडू वाटेत अडवणे ही तिन्ही कामे त्यांचीच. त्यांतले कोणते करायचे हे चेंडू हलल्यानंतर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवावे लागते. चढाईपटू निदान रेषा ओलांडताना कोणत्या पायावर भार टाकतो, हे पाहून आपला कोपरारक्षक घोट्याकडे झेपावतो की नाही? मधला लाइनबॅकर समोरच्या धिप्पाड खेळाडूच्या बोटांवर किती वजन आहे, तो मागे रेलला आहे की पुढे, हे तसेच वाचतो आणि चेंडू सुरू होण्याआधीच साथीदारांना ओरडून जागा बदलायला लावतो. मिल्स यांची ख्याती याच वाचनाची होती. शिवाय ज्याला आडवे करायचे त्याच्या कमरेखाली शिरणे ठेंगण्या माणसाला सोपे जाते, हे कुस्तीचा आखाडा पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

तरीही व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, त्यांना दारातच अडवले. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांना कोणी घेतले नाही. १९८१ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने सराव करून घेऊन घरी पाठवले आणि पाठोपाठ कॅनडातील टोरांटोच्या संघानेही तेच केले. मिल्स न्यू जर्सीतील एका शाळेत शिकवू लागले.

मुलाला हे उदाहरण जरूर सांगा, पण अर्धे सांगू नका. ‘जिद्द धरली आणि जिंकला’ एवढेच सांगितले, तर पुढच्या चाचणीत पुन्हा खडूची खूण आडवी आली की तो स्वतःलाच दोष देईल. मिल्स यांची जिद्द १९८१ मध्येही होती. फरक पडला तो १९८३ मध्ये, यूएसएफएल नावाची दुसरी लीग सुरू झाली तेव्हा. तीन हंगामांतच ती बंद पडली. एनएफएलविरुद्धचा मक्तेदारीचा खटला ती जिंकली, पण ज्यूरीने भरपाई दिली अवघा एक डॉलर, जो कायद्यानुसार तिप्पट होऊन तीन झाला! मात्र त्या तीन हंगामांत मिल्स फिलाडेल्फिया (शेवटच्या हंगामात बाल्टिमोर) स्टार्स संघाकडून खेळले, संघ तिन्ही वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोनदा विजेता ठरला. प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्यांना रोज जवळून पाहिले होते, म्हणून १९८६ मध्ये ते एनएफएलमधील न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाकडे गेले तेव्हा मिल्स यांना सोबत घेऊन गेले. १९६७ पासून खेळणाऱ्या त्या संघाला १९८७ पर्यंत एकाही हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळाले नव्हते. त्या वर्षी मिळाले.

१९९५ मध्ये मिल्स शार्लटच्या नव्या कॅरोलायना पँथर्स संघात आले. पहिले पाचही सामने हरलेल्या त्या संघाने न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध पहिला विजय मिळवला, त्यात मिल्स यांनी चेंडू मधल्या मध्ये पकडून ३६ यार्ड पळत जाऊन गुण केले. तेव्हा त्यांचे वय ३६ होते. निवृत्तीनंतर ते तिथेच प्रशिक्षक झाले, २००३ मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला आणि २००५ मध्ये, ४५ व्या वर्षी, ते गेले. हॉल ऑफ फेमचा, म्हणजे या खेळातील मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळण्याचा, सन्मान २०२२ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

आपल्या विद्यार्थ्याच्या प्रत्येक सामन्यातील यशस्वी आणि फसलेल्या पकडी एका वहीत लिहून ठेवाव्यात, आणि जिल्ह्याबाहेरच्या जितक्या खुल्या स्पर्धांत त्याला उतरवता येईल तितक्यांत उतरवावे, असे आम्हांला वाटते. त्याला जवळून पाहणारा एक माणूस मिळायला हवा.

प्रश्न : इतक्या टकरा झेलून हे लाइनबॅकर किती वर्षे टिकतात? शिरस्त्राण असताना डोक्याला इजा कशी होते?
– एक वाचक भगिनी, शिरपूर

उत्तर : शिरस्त्राण कवटी वाचवते, पण नारळ हलवल्यावर आतले पाणी हलते तसा कवटीतला मेंदू हलतोच. सॅन डिएगोचे ज्युनियर सेऊ १९९० पासून तब्बल २० हंगाम खेळले, परंतु २०१२ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाल्यावर मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतरच होते, हे त्यातले अधिक भीषण. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस बोरलँड यांनी हा धोका ओळखून २०१५ मध्ये एकाच हंगामानंतर खेळ सोडला. मिल्स यांच्याच पँथर्स संघात, त्यांच्याच मधल्या जागेवर खेळणारे ल्यूक कीकली २०१३ मध्ये लीगचे सर्वोत्तम बचावपटू ठरले होते. मेंदूला वारंवार हादरे बसल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते.