खंदकापलीकडचे प्राणी पाहायचे असतील तर

मुलांना पिंजऱ्यांऐवजी मोकळ्या आवारांतले प्राणी दाखवायचे असतील तर मराठवाड्यातून कोठे जावे, आणि अशा ठिकाणी प्राणी खरोखर दिसतात का, असे आपण विचारले आहे. मी नांदेडचा असून माझा सल्ला हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाचा आहे. मीर आलम तलावाच्या काठी सुमारे ३८० एकरांवर पसरलेले हे संग्रहालय १९६३ साली लोकांसाठी खुले झाले.

तेथील अनेक आवारांत प्राणी आणि आपण यांच्यामध्ये गज नसून खंदक असतो. ही रचना जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली हॅम्बुर्गजवळ उभारलेल्या प्राणिसंग्रहालयामुळे जगभर गेली. आपल्याकडे ती समजावून सांगणे सोपे आहे, कारण देवगिरीचा खंदक मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. तो शत्रूला आत येऊ देत नव्हता, हा वाघाला बाहेर येऊ देत नाही.

प्राणी दिसतात, पण लगेच नाही. झाडी आणि कपारी असल्यामुळे त्यांना आपल्या नजरेआड जाता येते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल तेच आहे. लहानपणी मी एका पिंजऱ्यात बिबट्या पाहिला होता. तो गजांना घासून त्याच चार पावलांच्या येरझाऱ्या घालीत होता, आणि ते दृश्य अजून मनातून जात नाही. हैदराबादेत मात्र अस्वलाच्या कठड्यापाशी आम्ही वीस मिनिटे उभे राहिलो, तेव्हा आधी नुसता फूंऽ फूंऽ असा आवाज आला, मग दगडाआडून पांढुरके लांब नाक मातीत खुपसून धूळ उडवीत ते पुढे सरकले. वाळवी खाणारे अस्वल आधी माती फुंकून उडवते आणि मग श्वास ओढून किडे आत घेते, हे मुलीने त्या दिवशी ऐकून शिकले.

सोमवारी संग्रहालय बंद असते. देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादला उतरून मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच आत जावे, कारण ऊन चढले की वाघ-सिंह सावलीत आडवे होतात. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच आवारेच निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना निवांत, आवाज न करता थांबू द्यावे.