शेजारधर्म : टाकी वाहत होती, सगळे ऐकत होते

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि त्यातली निम्मी पत्रं सोसायट्यांच्या सचिवांची आहेत. मीही अकरा वर्षं सचिव होते, त्यामुळे ही पत्रं मला पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतात. सुरुवात तारीखवार, मुद्देसूद. शेवटाला येईतो अक्षर वाकडं झालेलं असतं आणि एक वाक्य हमखास : 'लोकांना काही पडलेलीच नाही.' मला हे पूर्ण पटत नाही. का, ते पहिल्या दोन उत्तरांत येईल.

'ताई, आमची २४ घरांची सोसायटी. टाकीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार होतं, त्याची सूचना मी चार दिवस आधी फलकावर लावली, फोनवरच्या ग्रुपवरही टाकली. तरी त्या दिवशी सकाळी सात घरांतून फोन : आम्हाला कळवलंच नाही! लोक वाचतच नाहीत, त्याला मी काय करू?'

सूचनेची प्रत पत्राला जोडलीत ते बरं केलंत. ती अशी : 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, टाकीच्या दुरुस्तीच्या कारणास्तव दि. १४ रोजी पाणीपुरवठा अनियमित राहील. तरी सर्वांनी सहकार्य करावे.'

रागावू नका, पण मी ही सूचना तीनदा वाचली आणि बादली भरायची की नाही ते मला कळलं नाही. अनियमित म्हणजे येऊनजाऊन असेल की मुळीच नसेल? १४ तारखेला वार कोणता? आणि सहकार्य करावे म्हणजे नेमकं काय करावे? मीही अकरा वर्षांतली पहिली तीन वर्षं 'सहकार्य करावे' लिहीत होते. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, 'अगं, सहकार्य करायला खाली किती वाजता येऊ?' त्या थट्टा करत नव्हत्या. त्यानंतर तो शब्द मी सोडला.

तीच सूचना मी अशी लिहीन : 'गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ नळाला पाणी अजिबात नाही. बुधवारी रात्रीच भरून ठेवा. ४ नंतर पहिली पाच मिनिटं पाणी गढूळ येईल, ते पिण्याला घेऊ नका. विचारायचं असेल तर १०४.' चार वाक्यं. काय होणार, आपण काय करायचं, नंतर काय दिसेल, कुणाला विचारायचं. 'कळविण्यात येते' हे कळवण्यासाठी लिहायची गरज नाही, फलकावर लावलं म्हणजे कळवलंच.

दुसरं, तुमचा फलक एकदा त्रयस्थासारखा बघून या. आमच्या फलकावर नव्या सूचनेखाली मला आदल्या वर्षीच्या सभेची सूचना सापडली होती. लावणारी मीच. ज्या फलकावर दहापैकी आठ कागद शिळे असतात, तिथले उरलेले दोनही डोळ्यांना दिसेनासे होतात. मी मग प्रत्येक सूचनेच्या कोपऱ्यात 'काढायची तारीख' लिहायला लागले आणि त्या तारखेला न चुकता काढायला लागले. फलक अर्धा रिकामा दिसायचा. रिकाम्या फलकावर एक कागद आला की जाणारा थांबतो. आणि फलक जिथे लोक थांबतात तिथे हवा. लिफ्टच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. आमचा पूर्वी मीटरच्या खोलीबाहेर होता, तिथे फक्त मीटर वाचणारा माणूस थांबे. तो मात्र आमच्या सगळ्या बातम्या जाणून होता.

ग्रुपचे दोन करा. एकात फक्त तुम्ही लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. दुसऱ्यात वाढदिवस, विनोद, हरवलेली मांजर, सगळं चालू द्या. आदल्या रात्री एक ओळीची आठवण टाका. ज्या दोन-तीन घरांत फोन बघणारं कुणी नाही, तिथे दार वाजवा. ही घरं कोणती ते तुम्हाला माहीत असेलच.

आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. काम झालं की 'झालं' असं कळवा. 'टाकी साफ झाली, तळाला बोटभर गाळ निघाला, झाकणाची मोडकी कडी बदलली.' सभासदाला आपल्याकडून फक्त बंद, थकीत आणि सहकार्य एवढंच ऐकू येत असेल, तर तो आपला कागद टाळणारच. बोटभर गाळाची बातमी आमच्याकडे आठवडाभर जिन्यात चघळली गेली. पुढच्या सफाईची तारीख लोकांनी आपणहून विचारली.

'सभेत सगळे माना डोलावतात. कचरा, बाग, पंप, जिन्यातले दिवे, "आपण सगळे मिळून बघू" असं ठरतं. नंतर कुणी फिरकत नाही. अंगणातला नळ महिनाभर गळतोय, येता-जाता पन्नास माणसं तो बघतात. इतका निगरगट्टपणा कसा येतो?'

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. पन्नास माणसं बघतात, म्हणून.

आमच्याकडे बारा घरं आणि गच्चीवर एक टाकी. एका रात्री अकराच्या सुमारास पंप बंद करायचा राहिला आणि टाकी भरून वाहू लागली. मागच्या बाजूला पत्र्यावर पाणी पडत होतं, आवाज असा की झोप मोडावी. मी ऐकला. मनात म्हटलं, एवढा मोठा आवाज आहे, कुणीतरी उठलं असेल. कूस बदलली. पहाटे पाचला खालची टाकी कोरडी पडली तेव्हा पंप घरघरायला लागला आणि मग मी उठले. सकाळी विचारत फिरले. बारापैकी नऊ घरांनी आवाज ऐकला होता आणि नऊही घरांनी माझ्यासारखंच म्हटलं होतं. त्यात मी सचिव! पंपाची मोटर जळाली ती वेगळीच.

याचा अभ्यास झालेला आहे. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचं ऐकू येई. ते नाटक होतं, पण ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. न उठलेले लोक निर्विकार नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. निगरगट्ट माणसाचे तळवे घामेजत नाहीत. म्हणून म्हटलं, 'लोकांना पडलेली नाही' हे मला पटत नाही. पडलेली असते, पण आपलंच काम आहे हे कळलेलं नसतं.

तेव्हा 'सगळे मिळून' हे शब्द तुमच्या इतिवृत्तातून आधी खोडा. त्या घटनेनंतर आम्ही पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहायला लागलो : 'या आठवड्यात पंप : २०३.' घर क्रमांक पुरतो, नाव नको. शनिवारी आधीच्याने खोडायचं आणि पुढच्याचं लिहायचं. फार तर मिनिटभराचं काम. टाकीत पातळी बघून पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विचही बसवला, पण स्विचही अडकतो, त्यामुळे खडू चालूच ठेवला. नवल म्हणजे पाळीच्या घराला दुसऱ्यांकडून फोन जायला लागले : 'आवाज येतोय बरं का.' पूर्वी हाच फोन कुणाला करायचा हे ठाऊक नव्हतं.

नळाचं म्हणाल तर सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरहून जास्त, महिन्याला सुमारे १३० लिटर. हा आकडा नळावर दोऱ्याने बांधा आणि खाली लिहा : 'वॉशर बदलणार : ३०१, रविवारी सकाळी.' ३०१ला आधी विचारा मात्र. न विचारता नाव लावलंत तर नळ गळतच राहील आणि ३०१ तुमच्याशी बोलायचंही सोडेल.

'मी पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही. तरी लिफ्टचा खर्च माझ्याकडून का?'

तुमच्या संस्थेच्या नियमावलीत काय आहे ते आधी वाचा, तोच शेवटचा शब्द. माझं मत विचाराल तर द्यावा. लिफ्टचा बराचसा खर्च फेऱ्यांवर होत नाही. तपासणी, दोरांची पाहणी, दुरुस्तीचा करार हे ती उभी असली तरी लागतंच. तुम्ही गच्चीवरही जात नसाल, पण ती गळली तर तिच्या डागडुजीत तुमचा वाटा असतोच, आणि शेवटच्या मजल्याने 'छप्पर फक्त आमचं' असं म्हटलेलं तुम्हाला चाललं नसतं. पुढच्या सभेत एकदा हिशेब मागा, तो तुमचा हक्क आहे. भांडण मागू नका.

'आवारात एकेका घराच्या तीन-तीन गाड्या. नियम आहे : "सभासदांनी जागेचा वापर तारतम्याने करावा." कुणीच पाळत नाही.'

तारतम्य मोजता येत नाही, म्हणून.

स्वित्झर्लंडमध्ये ट्योर्बेल नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या सामायिक कुरणासाठी १५१७ सालचा नियम असा : हिवाळाभर घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात कुरणावर सोडायच्या. सामायिक मालमत्ता माणसं कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या गावाचं उदाहरण देत. मला त्यातलं आवडतं ते इतकंच की गायी कुणालाही मोजता येतात. त्यासाठी तारतम्य लागत नाही, पंच लागत नाही, शेजारी कुंपणावरून मोजू शकतो.

तुम्हीही मोजता येईल असं काहीतरी ठरवा. एका घराला आखलेली एक जागा, तिच्यावर घर क्रमांक रंगवलेला. उरलेल्या जागांसाठी वर्षाला चिठ्ठ्या. पाहुण्यांच्या जागेवर रात्री दहानंतर घरची गाडी नको. मोडलं तर पहिल्यांदा फक्त सांगायचं, दुसऱ्यांदा लेखी, दंड तिसऱ्यांदा, तोही सभेने मंजूर केला असेल तरच. पहिल्याच दिवशी चाकाला साखळी लावणाऱ्या एका समितीचं पत्र माझ्याकडे आहे. ती साखळी लावलेली गाडी नेमकी डॉक्टरांची निघाली, रात्री दोन वाजता. पुढचं लिहीत नाही.

'थकबाकीदारांची नावं फलकावर लावावीत का?'

मी एकदा लावली होती, एकच नाव. सात महिन्यांची वर्गणी थकली होती, तीन पत्रांना उत्तर नव्हतं. नाव लागलं त्या संध्याकाळी त्यांचा शाळकरी मुलगा फलकासमोर उभा होता. मी जिन्यातूनच परत वर गेले. रात्री कागद काढला आणि त्यांच्या दाराशी गेले, तेव्हा समजलं की काम सुटलं होतं आणि सांगायची लाज वाटत होती. दरमहा थोडं थोडं असं लिहून घेतलं. दीड वर्ष लागलं, सगळं फिटलं. त्या घरातल्या बाई पुढे माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फलकावर एकूण थकबाकीचा आकडा लावा, आणि तिच्यामुळे काय अडलंय ते. 'मागच्या जिन्याचा कठडा थकबाकी आली की.' नाव लावू नका. दार वाजवा. जो देऊ शकत असून देत नाही, तो दार उघडल्यावर दोन मिनिटांत ओळखू येतो. त्याच्यासाठी नियमावलीतला वसुलीचा मार्ग आहे.

'नऊ वर्षं सचिव आहे. सोडायचं म्हटलं की सगळे म्हणतात, तुमच्याशिवाय कोण? कसं सुटू?'

तारीख जाहीर करा आणि ती बदलू नका. पण त्याआधी तीन महिने सगळं कागदावर उतरवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, तो कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो. जिन्यातल्या अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का हे कधी पाहिलं. लिफ्ट अडकली तर कुणाला फोन, तो उचलला नाही तर कुणाला. 'तुमच्याशिवाय कोण' याचा अर्थ पुष्कळदा 'हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे' एवढाच असतो. वही झाली की एखाद्या तरुण सभासदाला ती हातात देऊन, तुम्ही सोबत न जाता, व्हॉल्व्ह शोधून बंद करायला सांगा. आमच्याकडच्या मुलीला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, कारण मी 'कुंडीमागे' असं लिहिलं होतं आणि कुंडी दोन वर्षांपूर्वीच हलवली होती.

आणि किल्ल्यांना आजच चिठ्ठ्या बांधा. मी जुडगा दिला तेव्हा त्यात सतरा किल्ल्या होत्या. सोळांची कुलपं सापडली. सतरावी नव्या सचिवबाईंनी मला परत आणून दिली, म्हणाल्या, 'ही तुमच्या घरची असेल.' ती माझ्या घरातल्या एकाही कुलपाला लागत नाही.